अडसर

मत्रामधल्या त्या गल्लीत दारं बंद नसत.
हबूबाचं तर नाहीच.
असरची अजान झाली की बायका यायच्या,
चपला उंबऱ्याबाहेर वेड्यावाकड्या,
तीन फिंजान आणि सात तोंडं.
पुरे झालं की कप किंचित हलवायचा,
हे मला कळेपर्यंत मी ओततच राहिले होते
आणि त्या हसत पीत राहिल्या होत्या.

माझं काम ठरलेलं:
साखर तपासणं, पोटात सुई,
गुडघ्यांना तेल, रात्री उशाशी पाणी.
मग हमदबाबाचा फोन आला:
आजपासून दाराशी तू.

ममनू, मी म्हणायला शिकले.
शब्द ओळखीचा निघाला.
आमची मनाई याच घरची लेक असणार,
कधीतरी समुद्रापार दिलेली.

उम्म नासर हलव्याची वाटी घेऊन आली. ममनू.
पलीकडची शम्सा, नुसतं बघून जाते म्हणाली. ममनू.
मासेवाला सुरमई पायरीवर ठेवून
स्वतःच चार पावलं मागे सरकला.
मी पिशवी साबणाने धुतली,
त्याने ते पाहिलं.

'फिमल! कोण आलंय?' हबूबा आतून.
मी विमल. तिच्या जिभेवर व बसत नाही.
'कोणी नाही,' मी म्हणायची.
दारातल्या माणसाला कोणी नाही म्हणणं
आधी जड गेलं.
पुढे पुढे गेलं नाही,
त्याचंही वाईट वाटलं.

ईदला हमदबाबा आला,
सोहारहून, परवानगीचा कागद खिशात,
अत्तर माझ्या मास्कच्या आत येईल इतकं.
त्याच्या ऑफिसात दोघांना ताप होता,
त्याची बायको मला फोनवर बोलून गेली होती.
हे मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.
'उघड. माझी आई आहे ती.'

माझा पासपोर्ट त्याच्या कपाटात,
पगार त्याच्या सहीने.
मी अडसरावर हात ठेवून उभी.
ममनू, बाबा.

बंदरात एक बोट भोंगा देऊन गप्प झाली.
गल्लीतलं मांजर उठलं, जागा बदलून बसलं.
मग पावलं मागे गेली.

वरच्या खिडकीशी हबूबाला काखेत धरून आणली.
ती खाली वाकून त्याला रागवत सुटली:
वाळलास. झोपत नाहीस. कुम्मा वाकडी आहे डोक्यावर.
पन्नाशीचा माणूस,
त्याने टोपी सरळ केली
आणि तिथेच, कडेच्या कठड्यावर,
तोंड लपवून बसला थोडा वेळ.

त्या संध्याकाळी ती म्हणाली, कॉफी कर आणि बस.
इतकी वर्षं मी त्या गालिच्यावर
झाडण्यापुरतीच बसले होते.
'बस म्हणते ना. पाहुणं कोणीतरी लागतंच.'
मी दुसऱ्या टोकाला बसले, दाराला पाठ लावून.
तिने थरथरत ओतली, निम्मी तबकात,
आणि तबक काठीने माझ्याकडे ढकललं.
मास्क उतरवून, भिंतीकडे तोंड करून प्यायले.
कप हलवला नाही.
तिने पुन्हा काठी उचलली.

रात्री आईला हर्णैला फोन.
'दुपारी कुठे होतीस? उचलला नाहीस.'
'लिलावाला गेले होते खाली. गर्दी नव्हती गं फारशी.'
'आई, तुला शंभरदा सांगितलंय...'
'घरात बसून भिंतींशी बोलू?'
ममनू, मी म्हणाले.
'काय म्हणालीस?'
'काही नाही.'

आमच्याही दाराला अडसर आहे,
फणसाच्या लाकडाचा, अण्णांनी तासलेला.
पण तो आतूनच लागतो.

'जेवलीस का?' आई विचारत होती.
'आणि तुझी ती म्हातारी?'
झोपली.
'तिला बाहेर सोडू नकोस हो.
या वयात काही सांगता येत नाही.'